सावरीची उशी

दम्माम, १८ जानेवारी २०२५

यासीन,

सलाम लिहीत नाही. तुझं भलं व्हावं असं आज मनात येत नाही, आणि मनात नाही ते लिहायची मला सवय नाही.

फोन उचलत नाहीस. मेसेज पोचतात, वाचत नाहीस. तुझ्या दुल्हाभाईंच्या, हम्मादच्या फोनवरून केला, तर माझा आवाज ऐकल्याबरोबर ठेवून दिलास. म्हणून हा कागद. नौशाद रास अल खैरला कंपनीची बस घेऊन येतो, त्याच्या हाती देतेय. त्याला बजावलंय, समोर उभा राहा आणि वाचून होईपर्यंत हलू नको. आपल्याच गावचा आहे, ऐकेल तो.

मेल्या, तुझी भाची आयसीयूत नळ्या लावून पडलीय आणि तू समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर जाऊन बसलास? मला वाटलं होतं कंपनीने पाठवलं. काल नौशाद बोलून गेला की यासीनने स्वतः बदली मागून घेतली. मागून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मामू असताना कसली भीती?" असं दुआच्या डोक्यावर हात ठेवून कोण म्हणालं होतं? हॉस्पिटलचं काम आपल्या कंपनीला मिळालं, सुपरवायझर मीच, म्हणून मिठाई कोणी वाटली होती?

काल डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. रक्ताच्या कॅन्सरच्या औषधांनी तिच्या पांढऱ्या पेशी पार संपल्यात, आणि नेमकी तेव्हाच हवेतली बुरशी तिच्या फुप्फुसात शिरून बसली. ॲस्परजिलस. एवढं अवघड नाव, पण आता माझं तोंडपाठ झालंय. ती म्हणे सगळीकडे असते, तुझ्यामाझ्या नाकातून रोज आत जाते आणि आपलं काही वाकडं होत नाही. माझ्या पोरीचं फुप्फुस मात्र आतून खाल्लं जातंय.

हॉस्पिटलने बोलावलेल्या त्या मीटिंगला तू होतास. मी टेबलाच्या या टोकाला, तू त्या टोकाला तुमच्या इंजिनियरच्या शेजारी. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, शेजारच्या वॉर्डात छत फोडायचं काम चाललंय, तिथून काही आलं असेल का? तू उभा राहिलास. "नो सर. प्लास्टिकचा पडदा सील आहे. हवा ओढायची मशीन ट्वेंटी-फोर अवर्स चालू." झालं, मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. झाडाच्या कापसाची जुनी उशी, कोकणातल्या दमट घरातून आणलेली, अशा पेशंटच्या डोक्याखाली! कोणी ठेवली? कोणाला विचारून?

मी ठेवली. अबायाखाली लपवून नेली आणि वर हॉस्पिटलचं कव्हर चढवलं. तुमची ती मशीन भिंतीपलीकडे रात्रभर घोंघावायची. पोर कानांवर हात ठेवून रडायची, "नानी की पिलो चाहिए." अम्माने परसातल्या सावरीची बोंडं फोडून, बी काढून, कापूस उन्हात घालून स्वतःच्या हाताने भरलेली उशी ती. दुसऱ्या कशावर दुआ कधी झोपलीय का? हॉस्पिटलवाल्यांनी ती त्याच दिवशी जाळायला पाठवली. मला हातसुद्धा लावू दिला नाही.

आता घरात काय चाललंय ते ऐक. हम्माद माझ्याशी कामापुरतं बोलतो. माझी सासू पनवेलहून रोज फोनवर एकच टाकते, "तुमच्याकडची उशी, बाई." अम्माला मी अजून काही कळू दिलेलं नाही. मी जेवायला बसते आणि घास तोंडात तसाच राहतो.

तूही मला दोषी धरून तोंड फिरवलं असशील, तर ये आणि समोर उभा राहून बोल. शिव्या द्यायच्या तर दे. पण असं पाठीला पाय लावून पळतात का रे?

रईसा

*

दम्माम, ३ फेब्रुवारी

यासीन,

दुआ आयसीयूतून बाहेर आली. पुन्हा त्याच मजल्यावर, त्याच कॉरिडॉरमध्ये, फक्त खोली बदलली. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून कागद फाडलास तरी एवढं तुला कळावं.

काल ती पहिल्यांदा नीट बोलली. पडद्यापलीकडे तुझी मशीन चालू होती. केस गेलेलं डोकं तिने माझ्याकडे वळवलं आणि हसली. म्हणते, "मम्मा, मॉन्स्टर फिर से चालू है. मामू नहीं है ना, इसलिए."

मी म्हटलं, म्हणजे काय?

"मामू रोज रात को आके ऑफ करते थे. फॉर मी. फिर सुबह ऑन. इट्स अ सीक्रेट. आप डॉक्टर को मत बोलना, मामू को डाँट पड़ेगी."

यासीन, मी तिच्या पलंगाचा दांडा धरून उभी राहिले. नर्सने येऊन विचारलं, तुम्हाला चक्कर येतेय का? मी नाही म्हटलं. चक्कर कसली, तू समोर असतास तर थोबाड फोडलं असतं.

रोज रात्री! आणि मीटिंगमध्ये उभा राहून "ट्वेंटी-फोर अवर्स"!

ती मशीन कशासाठी असते हे मला कोणी समजावलं होतं? तूच, छाती फुगवून. आपा, पडद्यामागची हवा ही ओढते, गाळते आणि खिडकीबाहेर टाकते, म्हणजे छतातली घाण पोरांच्या बाजूला येत नाही. वरच्या एसीचं पाणी गळून गळून छताच्या शीट काळ्या पडल्यात, हेही तूच सांगितलंस. आतून नुसती बुरशी, आपा, बघवत नाही, असं म्हणालास. म्हणालास की नाही? याच पोरांसाठी चांगल्या हवेच्या खोल्या बांधायला छत फोडत होतात तुम्ही. आणि रात्र झाली की ते फोडलेलं छत तसंच उघडं टाकून मशीन बंद करत होतास.

का केलंस ते मला कळतं. म्हणून तर जास्त संताप येतो. पोर रडते म्हणून तुझं काळीज तुटलं. रात्री काम बंद असतं, मग धूळ कसली उडणार, असं तुला वाटलं असेल. एवढ्यापर्यंत मी समजून घेते. मी उशी नेली, तू मशीन बंद केलीस, दोघंही एकाच रडण्याला भुललो.

पण मीटिंगमध्ये मूग गिळून बसलास, ते कशासाठी? डॉक्टर माझ्यावर बोट रोखत होते तेव्हा तू टेबलाकडे बघत होतास. आपा वाटेल ते सहन करेल, तिला कुठे नोकरी आहे, तिचा कुठे इकामा, इथे राहायचा परवाना, जातोय, असंच ना? सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटू दिलंस, आणि माझ्याआडून अम्माच्या डोक्यावर.

हो, अम्माच्या. माझ्या सासूने राहवेना म्हणून तिला फोन लावला. आपली अम्मा, जिने आयुष्यात कोणाच्या कोंबडीला दगड मारला नाही, तिला ही बाई सांगते की तुझ्या उशीने नात मरायला टेकलीय. अम्माने दोन दिवस पाण्याखेरीज काही घेतलं नाही. मग माणूस बोलावला आणि परसातली सावर तोडून घेतली. बुंध्यापासून. आपण लहानपणी जिच्या खाली कापूस उडवत पळायचो ती. शेजारणीने व्हिडिओ पाठवलाय. झाड पडताना अम्मा ओट्यावर पाठ करून बसलीय.

आता सांग, नौशाद समोर उभा आहे ना? त्याच्याकडे बघ आणि सांग, जेवण जातं का तुला?

रईसा

*

दम्माम, ९ फेब्रुवारी

यासीन,

तुझा निरोप मिळाला. नौशाद बिचारा खाली मान घालून एकेक शब्द सांगत होता. "आपाला सांग, मी दुआसाठीच केलं. आता बोललो तर माझं खलास. कफील, म्हणजे मालक, केस टाकेल, घरी पाठवतील. आणि बोलून दुआला काय मिळणार? तिचं औषध चालू आहेच ना?"

वा रे वा! मोठा शहाणा झालास. दुआचं औषध चालू आहे. मग तस्नीमचं काय?

तुला ती आठवते. समोरच्या खोलीतली, अल-हसाची, दोन वेण्यांची पोर. आता वेण्या नाहीत. तू दोघींना चॉकलेट द्यायचास. तिला तीन दिवस झाले ताप आहे आणि कोरडा खोकला. दुआचं असंच सुरू झालं होतं. अगदी असंच.

तिच्या उशाला कोणतीही उशी नव्हती, यासीन.

इथे आसावरी म्हणून एक सिस्टर आहेत, नाशिकच्या. हॉस्पिटलात एकाचा रोग दुसऱ्याला लागू नये, हवा-पाणी स्वच्छ राहावं, हे बघणं त्यांचं काम. मराठी ऐकून त्यांना माझा लळा लागला. काल त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "ताई, उशी तुम्ही आणायला नको होती, हे मी तोंडावर सांगते. पण मला ते उशीचं पटत नाही. मी कॉरिडॉरची हवा तपासली. आज ठीक आहे. पण आता मशीन रात्रंदिवस चालू आहे, दुआ आजारी पडली तेव्हा काय होतं हे मला कसं कळणार? कॉन्ट्रॅक्टरचा माणूस म्हणतो तेव्हाही चालू होती."

मी विचारलं, आणि नसली तर?

"नसली तर सगळं उलटं होतं. मग या कॉरिडॉरमधल्या प्रत्येक पोराने ती हवा घेतलीय असं धरावं लागेल. मुलं आजच्या आज दुसऱ्या मजल्यावर, काम बंद. आणि तस्नीमला बुरशीचं औषध लगेच सुरू. ते औषध किडनीवर जातं, तिची किडनी आधीच नाजूक आहे. तिच्या छातीच्या फोटोत अजून काही स्पष्ट दिसत नाही. कारण असल्याशिवाय डॉक्टर सुरू करणार नाहीत, थांबून बघतील. आणि थांबण्यात काय होतं ते तुम्ही दुआचं बघितलंय."

मग त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "ताई, तुम्ही रात्री इथेच असायच्या. मशीनचा आवाज रात्रभर यायचा का?"

मी म्हटलं, मला आठवत नाही.

तुझ्यासाठी म्हटलं. तोंडातून शब्द बाहेर पडला आणि माझी मलाच शिसारी आली. सुरुवातीला मशीन घोंघावायची म्हणून मी उशी आणली, आणि मग पोर झोपायला लागली तेव्हा मला वाटलं अम्माच्या उशीने झोपली. आवाज बंद झालाय हे माझ्या लक्षातही आलं नाही, इतकी मी दमलेली असायची. पण आता मला सगळं माहीत आहे आणि मी खोटं बोलले.

बाहेर आले तर तस्नीमची आई बाकावर. सगळे मला टाळतात, उशीवाली बाई म्हणून. ही एकटी मला टाळत नाही. तिने खजुराचा डबा माझ्यापुढे केला, माझा हात धरला आणि म्हणाली, "मालेश, उम्म दुआ, मालेश." जाऊ दे, दुआच्या आई, मनाला लावून घेऊ नको, म्हणून मलाच समजावत होती.

म्हणून आता नीट ऐक. गुरुवारपर्यंत वाट बघते. त्या दिवशी नौशादची बस इकडे परत येते, त्यात बस आणि आसावरी सिस्टरपुढे उभा राहा. मी स्वतः उद्याच सांगू शकते, आणि खरं तर सांगायलाच हवं. पण माझं ऐकून डॉक्टर म्हणतील, उशीवाली बाई स्वतःची मान सोडवतेय. बटण तू बंद केलंस. तू सांगितलंस तरच ते मानतील.

तस्नीमचा ताप आज रात्री वाढला, तर गुरुवारही धरू नको. मग मी थांबणार नाही. ते मानोत न मानोत, मी ओरडून सांगेन. तू माझा पाठचा भाऊ आहेस, तुला मी कडेवर घेऊन फिरवलंय. तरीसुद्धा सांगेन.

रईसा

*

दम्माम, १५ फेब्रुवारी

यासीन,

तू बुधवारीच आलास.

मी त्या वेळी आसावरी सिस्टरच्या ऑफिसकडेच निघाले होते. तस्नीमला सकाळी ऑक्सिजन लावला होता आणि माझा धीर संपला होता. काचेतून बघते तर दारात तू. अंगात साइटचे कपडे, धुळीने भरलेले बूट. सिस्टर तुला उंबरठ्याच्या आत घेईनात, "आधी बाहेर व्हा, हे कपडे घालून या मजल्यावर आलातच कसे?" म्हणून ओरडत होत्या. आणि तू तिथेच, उंबरठ्याबाहेर उभा राहून, मोठ्याने सांगायला लागलास. हिंदीत, सगळ्यांसमोर. "मशीन मैं बंद करता था, सिस्टर. रात में. मेरी भांजी सो नहीं पाती थी. मैंने मीटिंग में झूठ बोला."

नर्सेस थबकल्या. सफाईवाली मुन्नी हातात मॉप घेऊन तशीच उभी राहिली.  आसावरी सिस्टरनी सरळ फोन उचलला.

पुढचं तुला माहीत नसेल, कारण तू निघून गेलास. संध्याकाळच्या आत सगळी पोरं खालच्या मजल्यावर हलवली. मशीन सोडून बाकी सगळं काम बंद केलं. तस्नीमला तासाभरात औषध लागलं. दुसऱ्या खोलीतल्या आणखी एका बाळाच्या फोटोत डाग निघाला, त्यालाही औषध सुरू केलं. अगदी सुरुवातीलाच सापडलं म्हणतात.

मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं. म्हणाले, उशीबद्दल आम्ही घाई केली. मी म्हटलं, हे माझ्या नवऱ्यासमोर बोला. बोलले. हम्माद उठून माझ्यासाठी चहा घेऊन आला. माझ्या सासूला त्याने काय सांगितलं ते माहीत नाही, तिचा फोन आलेला नाही.

तुझं काय झालं तेही कळलं. कंपनीने कामावरून दूर केलंय, चौकशी चालू, तोवर कॅम्प सोडायचा नाही. मला आनंद झाला असं लिहिणार नाही. वाईट वाटलं असंही लिहिणार नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. परत जाताना तू माझ्या शेजारून गेलास. हातभर अंतरावरून. मी "यासीन" म्हटलं आणि तू मान वर न करता जिना उतरलास. सिस्टरसमोर बोलायची हिंमत झाली आणि बहिणीसमोर नाही?

आणि अम्माला फोन कर. मी करणार नाही. तिला तुझ्या तोंडून कळू दे की तिच्या हातात काही खोट नव्हती. झाड गेलं ते गेलं.

रईसा

*

दम्माम, २४ मार्च

यासीन,

अम्माचा फोन आला होता. तू केलास म्हणे, आणि रडलास. ती तुझ्यावर चिडली नाही, उलट मलाच म्हणाली, त्याला जास्त बोलू नको. तिचं काय, ती आई आहे. मी बोलणार.

दुआच्या उजव्या फुप्फुसाचा एक भाग काढला. तू ऐकलंच असशील. परवा घरी आणली. जिना चढता येत नाही, हम्मादने उचलून आणली. शाळा या वर्षी नाही. कॅन्सरचं पुढचं औषध या सगळ्यात मागे पडलं, ते आता नव्याने सुरू होईल, आणि डॉक्टर खात्री देत नाहीत. हे तुला बोचावं म्हणूनच लिहितेय. बोचू दे.

तस्नीम बरी आहे. ताप गेला. तिच्या आईला मी स्वतः सगळं सांगितलं, मशीन कोणी बंद केली आणि तो माझा कोण लागतो. माझ्या मोडक्या अरबीत. ती उठून गेली. तिने आठवडाभर माझ्याकडे बघितलं नाही. मग दुआला घरी सोडायच्या दिवशी आली, दुआच्या मांडीवर खजुराचा डबा ठेवला आणि माझ्याशी न बोलता गेली. तिचं बरोबर आहे.

नौशाद म्हणाला, तुझा खुरूज, देश सोडायचा शिक्का, लागला. ईद झाल्यावर विमान, आणि परत यायचं दार बंद. जाण्याआधी आपाला भेटू का, असं त्याच्याकडून विचारलंस. एवढं विचारायला तुला स्वतःचं तोंड नाही, तेही ठीक.

ये. ईदच्या दिवशी, नमाज झाल्यावर. पण माझ्याशी बोलायला येऊ नकोस, माझ्याकडे तुझ्यासाठी अजून बोलणं नाही. दुआने बोलावलंय.

तिला मी काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, आणि तूही सांगायचं नाहीस. मोठी होईल तेव्हा बघू, अल्लाहने मोठी केली तर. सीक्रेट विसरून ती सगळ्यांना एकच गोष्ट सांगत सुटलीय. नर्सेसना सांगितली, शेजारच्या बाईंना सांगितली, वर्गातल्या पोरांना व्हिडिओवर सांगितली. मॉन्स्टर किती मोठा होता, ती कशी घाबरायची, आणि मामू रोज रात्री गुपचूप येऊन तिच्यासाठी त्याला कसा झोपवायचा. आता ती तुला सांगणार आहे. तयारी चाललीय. मॉन्स्टरचं चित्र काढलंय, त्यात तू आहेस, मोठ्या मिशांचा.

माफी मागायला येत असशील, तर मला ती नको. तू तिच्यासमोर बसायचंस आणि पूर्ण गोष्ट ऐकायची. मधेच उठायचं नाही. डोळे पुसायला बाहेर जायचं नाही. ती "थँक यू मामू" म्हणेल, तेही ऐकायचं.

येताना आंघोळ करून ये, धुतलेले कपडे घाल. बूट जिन्यात काढ. मास्क दारात ठेवलाय.

आणि एक. तिला आता एका दमात बोलता येत नाही. गोष्ट सांगताना ती मधे मधे थांबते आणि तोंड उघडं ठेवून श्वास घेते. कधी कधी बराच वेळ लागतो. ती थांबली की तूही थांब. तिचं वाक्य तू पुरं करायचं नाहीस.

तुझी आपा